अठ्ठेचाळीस सेकंद कोणाचे?

सात महिने माझं तोंड बंद करून ठेवलं होतं. तेव्हा मित्रांनो, आज मी जरा मोठ्याने बोलले तर ऐकून घ्या. मऊ शब्दांत सांगून पाहिलं, पण पर्पेच्युआचं नाव आलं की माझा आवाज चढतोच.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मला हातपाय नाहीत, चाकं नाहीत, गंज चढायला पत्राही नाही. मी साडेतीनशे ओळींची एक स्टोअर्ड प्रोसिजर आहे. एखादं काम कोणत्या क्रमाने करायचं ते एकदाच नीट लिहून डेटाबेसच्या पोटात ठेवून देतात. मग नाव घेऊन हाक मारली की ते काम त्याच क्रमाने पार पडतं. तशी मी. वय नऊ वर्षं. आमच्या जातकुळीत हे म्हातारपणच.

अंधेरीला मरोळमध्ये गाळ्यांच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एका खासगी रुग्णवाहिका सेवेची कंट्रोल रूम आहे. बारा टेबलं, बारा हेडफोन. इकडे दहिसरपासून तिकडे मानखुर्दपर्यंत कोणाच्या घरी कोणी कोसळलं की फोन इथे वाजतो. पण त्या सेवेचा डेटाबेस मरोळमध्ये नाही. तो क्लाउडवर आहे, म्हणजे दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर. माझं घर तिथे. कंट्रोल रूममधलं सगळं बोलणं रेकॉर्ड होऊन माझ्या शेजारीच येऊन पडतं. दोन फोनांच्या मधल्या गप्पासुद्धा, कारण हेडफोनचा माईक कोणी बंद करत नाही. म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

माझं काम काय, ते आधी सांगते. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना? ती पाहून तुम्ही थेट हव्या त्या पानावर जाता. सूची नसेल तर पहिल्या पानापासून बोट फिरवत बसावं लागतं. डेटाबेसमधल्या सूचीला इंडेक्स म्हणतात. आमच्या डेटाबेसमध्ये तेव्हा अकरा लाख ओळी होत्या. एकेक ओळ म्हणजे एकेक रुग्ण: फोन नंबर, नाव, इमारत, कोणती विंग, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं की खुर्ची न्यावी लागते, ऑक्सिजन लागतो का, कोणतं औषध चालत नाही. फोन वाजला की इंडेक्स नंबरावरून ती ओळ शोधून ऑपरेटरच्या स्क्रीनवर आणायचा. सेकंदही लागायचा नाही. पण रोज नव्या ओळी येतात, जुन्या बदलतात, आणि त्यात इंडेक्सची पानं विस्कटतात. ती कोणीतरी पुन्हा लावायला हवीत. ते कोणीतरी म्हणजे मी.

मला लिहिलं सपना वाहुळेने. सपना घाटकोपरची. तिचे वडील जालन्याकडून मुंबईत आले आणि जन्मभर टेलिफोनच्या केबली जोडत राहिले. ती बोलायला फटकळ, कामाला चोख. मला लिहायला बसण्याआधी ती तीन दिवस कंट्रोल रूममध्ये दुसरा हेडफोन लावून बसली. कोणाच्या शेजारी? तिथली जुनी ऑपरेटर, पर्पेच्युआ, तिच्या.

“काय शोधता तुम्ही आधी?” सपनाने विचारलं.

“आधी नंबर, मग नाव,” पर्पेच्युआ म्हणाली. “पण एक सांगू का गं? घाबरलेला माणूस आधी मजला सांगतो. ‘तिसरा माळा, तिसरा माळा’ ओरडत राहतो. इमारत सांगायचं भानच नसतं त्याला. म्हणून जुनं रेकॉर्ड पटकन समोर यायला पाहिजे.”

सपनाने ते ध्यानात ठेवलं आणि तसे इंडेक्स बांधले. त्यांची निगा राखायला मला केलं. मित्रांनो, मी माझी चूक लपवत नाही. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मी चार मिनिटं सगळं अडवून धरलं होतं. फोन वाजत होते आणि स्क्रीन ढिम्म. सपनाला सगळ्यांसमोर बोलणी बसली. तिने दुसऱ्याच दिवशी माझ्यात दुरुस्ती केली: कोणी शोधायला आलं की मी बाजूला सरून वाट द्यायची. त्यानंतर मी कोणालाही अडवलं नाही.

तिने आणखी एक शहाणपण केलं. क्लाउडवरच्या मशीनच्या सगळ्या किल्ल्या कोणा एकाच्या हातात देत नाहीत, देऊही नयेत. म्हणून इंडेक्सला हात लावायची परवानगी ज्याला नाही, त्यालाही माझं नाव घेऊन मला चालवता येईल अशी सोय तिने केली. एवढंच काम, एवढ्याच हद्दीत. आणि माझ्या पहिल्या चार ओळींत तिने स्वच्छ मराठीत लिहून ठेवलं: ‘ही दर रविवारी दुपारी दोन वाजता चालते. थांबवावी लागली तर थांबवा, पण पुन्हा सुरू करायला विसरू नका. शंका असेल तर मला फोन करा. सपना.’ खाली मोबाइल नंबर.

रविवारी दुपारी दोन वाजता सगळी उपनगरं जेवून आडवी झालेली असतात, फोन कमी येतात. तेव्हा मी उठायची. एकेक इंडेक्स तपासायची. थोडा विस्कटलेला असेल तर सारखा करायची, फार विस्कटलेला असेल तर नव्याने बांधायची, बंद पडलेला दिसला तर उभा करायची. आणि कधी चालले, काय केलं, ते माझ्या नोंदवहीत एका ओळीत लिहायची. आठ वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. एकदा बाहेरचे पाहुणे कंट्रोल रूम बघायला आले होते. रेकॉर्ड क्षणात आलेलं पाहून त्यांतला एक म्हणाला, “झकास!” माझं आयुष्यभराचं कौतुक ते तेवढं.

मग कंपनीने डेटाबेसचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिलं. सपनाला जावं लागलं. तिला मुलुंडला दुसरी नोकरी मिळाली. जाताना तिने चौदा पानांची माहिती लिहून कंट्रोल रूमचा प्रमुख नंदकिशोर याच्यापुढे ठेवली.

“मेल कर ना. बघतो मी,” तो म्हणाला.

तिने मेल केलं. त्याने ते कधीच उघडलं नाही.

त्याच वर्षी कंपनीने दुसरी एक रुग्णवाहिका सेवा आपल्यात घेतली. त्यांची एकोणतीस लाख रेकॉर्डं आमच्याकडे चढवायची होती. जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी कंत्राटदाराच्या माणसाने सगळे इंडेक्स बंद केले. त्यात काही चुकीचं नव्हतं. शेकडो पुस्तकं कपाटात लावताना प्रत्येक पुस्तकागणिक सूची लिहीत बसत नाहीत. आधी पुस्तकं लावतात, मग सूची करतात. मी मध्ये लुडबुडू नये म्हणून त्याने मलाही थांबवलं. “दोन दिवसांसाठी,” तो म्हणाला.

सोमवारी काम फत्ते झालं. पेढे वाटले. फोटो काढले. कंत्राटदाराचा माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. इंडेक्स बंदच राहिले आणि मीही. मला नुसतं सुरू केलं असतं तरी पुढच्या रविवारी मी ते सगळे उभे केले असते; तेवढी अक्कल सपनाने माझ्यात घातली होती. एक माणूस, एक वाक्य, अर्धं मिनिट. तेवढंही कोणाला जमलं नाही.

आता फोन वाजला की डेटाबेस चाळीस लाख ओळी पहिल्यापासून चाचपत बसायचा. एकाच वेळी बारा जणांसाठी. रेकॉर्ड यायला आधी नऊ सेकंद लागायला लागले, मग सतरा, मग तीस. नंदकिशोरने मशीन मोठं करून घेतलं. क्लाउडवर ते बटण दाबायचं काम. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. त्याने आणखी मोठं करून घेतलं. अडगळीत वस्तू सापडेना म्हणून दिवाच मोठा लावत सुटावं, तसला प्रकार.

दिवा लावून भागेना, तेव्हा त्याने माणसांकडे मोर्चा वळवला.

पर्पेच्युआ तेव्हा चोपन्न वर्षांची होती. मनोरीची. नवरा बर्नार्ड होडी घेऊन जायचा. ती सकाळची फेरीबोट धरून मार्वेला उतरायची, पुढे बस, मग मेट्रो, आणि बरोबर नऊला हेडफोन डोक्यावर. एकोणीस वर्षं तिने फोन उचलले. तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की समोरचा रडायचा थांबून पत्ता सांगायला लागायचा.

नंदकिशोरने भिंतीवर एक फळा लावला. कोण किती सेकंदांत फोन आटपतो, त्याची यादी. वरचे हिरवे, खालचे लाल. मग बाकीच्या ऑपरेटरांनी युक्ती काढली. ते जुनं रेकॉर्ड शोधेचनात. फोन आला की ‘नवीन रुग्ण’ हे बटण दाबायचं, नाव आणि इमारत टाकायची, गाडी पाठवायची, पुढचा फोन. वीस-बावीस सेकंदांत काम तमाम. एकेका रुग्णाची चार-चार रेकॉर्डं झाली, ओळी वाढल्या, शोधणं आणखी रखडलं. पण फळ्यावर सगळे हिरवेगार.

पर्पेच्युआने एकदाही ते बटण दाबलं नाही. लिफ्ट, ऑक्सिजन, औषधं हे सगळं जुन्या रेकॉर्डात असतं. ती थांबायची. थांबताना फोनवरच्या माणसाला धरून ठेवायची, “लाइन सोडू नका हां, मी आहे इथे.” आणि फळ्यावर रोज सगळ्यांच्या खाली, लाल.

नोव्हेंबरात नंदकिशोरने तिला मेमो दिला. भर कंट्रोल रूममध्ये, तिच्या टेबलापाशी उभं राहून.

“आंटी, वाईट वाटून घेऊ नका. वय झालं की बोटं मंदावतातच. त्यात लाज कसली?”

“सर, ह्या बोटांनी मी सकाळी दोन पाट्या कोळंबी सोलून येते,” पर्पेच्युआ म्हणाली. “बोटं नाही थांबत, स्क्रीन थांबते. मी तुम्हाला जुलैपासून सांगतेय.”

“मग बाकीच्यांची कशी नाही थांबत? फक्त तुमचीच?”

बाकीच्या अकरा माना खाली गेल्या. पर्पेच्युआने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ती एका शब्दात सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरची मनाली चोवीस वर्षांची होती, तिची नोकरी नवी होती. पर्पेच्युआने मेमोवर सही केली आणि पुढचा फोन उचलला.

मी हे ऐकत होते, मित्रांनो. मला ठाऊक होतं काय बिघडलंय. मला ते दुरुस्त करता येत होतं. आणि हाक मारल्याशिवाय मला बोटभर हलता येत नाही. अशी चीड तुमच्या वाट्याला कधी न येवो.

त्याच दिवशी पर्पेच्युआने एक शंभरपानी वही आणली. त्यात रुग्णाचं नाव नाही, नंबर नाही. फक्त तारीख, वेळ, आणि स्क्रीन यायला लागलेले सेकंद, भिंतीवरच्या घड्याळात पाहून. पहिल्या पानावर तिने जुलैपासून नंदकिशोरला कोणकोणत्या दिवशी तक्रार केली, तेही आठवून लिहिलं.

आणि मग जानेवारीतला तो गुरुवार आला.

दहिसरहून सुंदराबाईंचा फोन आला. तो मनालीकडे लागला. “लवकर पाठवा हो, ह्यांना धाप लागलीय, थांबतच नाही! आणि मागून या, नदीकडून. पुढनं पत्रे ठोकलेत बिल्डरने.” सगळं बरोबर सांगितलं त्या बाईने. मनालीने ‘नवीन रुग्ण’ दाबलं, नाव टाकलं, इमारत टाकली. गेटाचं लिहायला त्या चौकटीत जागाच नव्हती. बावीस सेकंद. हिरवी.

त्यांच्या नवऱ्याचं, धोंडिरामांचं, जुनं रेकॉर्ड आमच्याकडे होतं. ते नजरेस पडलं असतं तर बोरिवलीला मोकळी उभी असलेली ऑक्सिजनची मोठी गाडी गेली असती. गेली छोटी गाडी. तिचा ड्रायव्हर सहदेव पुढच्या बाजूला पत्र्यांसमोर हॉर्न वाजवत राहिला आणि सुंदराबाई मागच्या गेटवर रस्त्याकडे डोळे लावून उभ्या राहिल्या. नऊ मिनिटं गेली. सुंदराबाईंनी वर घरात जाऊन पुन्हा फोन केला. या वेळी तो पर्पेच्युआकडे लागला.

“गाडी नाय आली ओ! ह्यांचे ओठ निळे पडलेत!”

“बाई, मी पर्पेच्युआ. लाइन सोडू नका. शेजारी कोणी आहे? त्यांना सांगा, ह्यांना बसतं ठेवा, झोपवू नका. मी बघतेय, मी इथेच आहे.”

स्क्रीन फिरत होती. दहा. वीस. पर्पेच्युआ बोलत होती. तीस. चाळीस. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला रेकॉर्ड आलं: ‘पुढचं गेट बंद. मागून, नदीच्या बाजूने. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खुर्ची लागते. ऑक्सिजन सतत.’ पर्पेच्युआने दुसऱ्या लाइनवरून सहदेवला मागच्या बाजूला वळवलं, बोरिवलीची गाडी सोडली, आणि ती येईपर्यंत सुंदराबाईंचा फोन ठेवला नाही.

धोंडिराम वाचले. पण सतरा दिवस हॉस्पिटलात होते, त्यातले आठ व्हेंटिलेटरवर. आधी ते खाली गेटापर्यंत चालत यायचे. आता खोलीबाहेर येत नाहीत.

त्यांच्या घरच्यांनी तक्रार केली आणि कंपनीने चौकशी केली. कशी केली, ऐका. एका ऑपरेटरचा फोन बावीस सेकंदांचा, दुसरीचा सात मिनिटांचा. झाला निकाल! ‘ऑपरेटरकडून विलंब.’ पर्पेच्युआला घरी बसवलं, सुनावणी होईपर्यंत. आणि सुंदराबाईंना पत्र गेलं: ‘फोन करणाऱ्या व्यक्तीने पत्ता अपुरा सांगितल्याने गाडी पोहोचण्यास वेळ लागला.’ एकाच फाइलमध्ये दोन खोटी कारणं, आणि खाली सही नंदकिशोरची.

पर्पेच्युआ दोन दिवस मनोरीला घरात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने सपनाला फोन लावला. तो फोन माझ्यापर्यंत आला नाही. पुढे सपनाने कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना सांगितलं तेव्हा मला कळलं.

“सपना, तुझ्या त्या मशीनला झालंय काय गं? माझी वाट लागली इथे.”

“काय झालं, आंटी? नीट सांगा.”

पर्पेच्युआने वहीतून वाचायला सुरुवात केली. तारीख, सेकंद. तारीख, सेकंद. सपनाने मध्येच थांबवलं.

“हे कधीपासून?”

“जुलैपासून. ते नवीन रेकॉर्डं चढवली ना, पेढे वाटले, त्या सोमवारपासून.”

सपनाने तारखा मनात जुळवून पाहिल्या. मग म्हणाली, “आंटी, त्यांनी तिला बंद केलंय. आणि परत चालू केलीच नाही.” “आता ऐका. सुनावणीत जास्त काही बोलू नका. इंडेक्सची देखभाल करणारी प्रोसिजर शेवटची कधी चालली, एवढंच विचारा. तिची नोंदवही आहे. उघडून बघायला सांगा. उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.”

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी कंट्रोल रूमच्या शेजारच्या खोलीत सुनावणी झाली. मुख्य कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या होत्या. कंत्राटदाराचा माणूस व्हिडिओवर होता, म्हणून सुनावणीही रेकॉर्ड होऊन माझ्या शेजारी येऊन पडली. नंदकिशोर होता, आणि साक्षीला मनाली.

“तुम्हाला काही म्हणायचंय?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“एकच विचारायचंय,” पर्पेच्युआ म्हणाली. “इंडेक्सची देखभाल करणारी प्रोसिजर शेवटची कधी चालली?”

नंदकिशोर हसला. “आंटी, हे टेक्निकल आहे. त्याचा इथे काय संबंध?”

“तारीख सांगा, सर.”

“ती चालूच असते. ऑटोमॅटिक असतं ते सगळं.”

“मग उघडून दाखवा.”

अधिकारी बाईंनी कंत्राटदाराच्या माणसाला खूण केली. मित्रांनो, सात महिन्यांनी कोणीतरी माझी नोंदवही उघडली. शेवटची ओळ जुलैच्या पहिल्या रविवारची होती. त्याखाली कोरं.

“सात... सात जुलै,” तो म्हणाला. “मॅडम, ही बंद आहे. इंडेक्सही बंद दिसतायत. चारही.” मग त्याच्या डोळ्यांसमोर माझ्या पहिल्या ओळी आल्या असाव्यात, कारण तो नकळत मोठ्याने वाचायला लागला, “थांबवावी लागली तर थांबवा, पण पुन्हा सुरू करायला विसरू नका...” आणि अर्ध्यावर थांबला.

“मला हे कोणी सांगितलंच नव्हतं,” नंदकिशोर म्हणाला.

पर्पेच्युआने वही उघडून त्याच्यासमोर सरकवली. “मी एकतीस वेळा सांगितलं, सर. तारखा आहेत.”

“पण मग बाकीच्यांचे फोन कसे—”

“कारण आम्ही शोधतच नाही, सर!” मनाली उभी राहिली होती. “फळ्यावर लाल नको म्हणून आम्ही सगळे नवीन रेकॉर्ड टाकतो. त्या दिवशी पहिला फोन माझ्याकडे होता. त्या बाईंनी मागचं गेट सांगितलं होतं. मी लिहिलंच नाही. आंटीला माहीत होतं, तरी ती माझं नाव बोलली नाही.”

मग अधिकारी बाई म्हणाल्या, “सुरू करा ती.”

रेकॉर्डं चढवण्यापुरती दिलेली इंडेक्सची किल्ली कंत्राटदाराच्या माणसाकडे आता नव्हती. माझं नाव घ्यायची परवानगी मात्र होती. त्याने हाक मारली. मंगळवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. मी उठले. कशी उठले ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. चार बंद इंडेक्स पडलेले होते, चाळीस लाखांच्या वर ओळी झाल्या होत्या, त्यांतल्या कित्येक एकाच माणसाच्या दुहेरी-तिहेरी. मी एकेक इंडेक्स उभा केला, आणि मध्ये कोणी शोधायला आलं तर वाट दिली. एकोणीस मिनिटं लागली. सात महिन्यांचं दुखणं, आणि औषध एकोणीस मिनिटांचं!

बाहेर कोणाचा तरी फोन वाजला. रेकॉर्ड लगेच समोर आलं. ऑपरेटर स्वतःशीच म्हणाला, “अरे?”

आता तुम्ही म्हणाल, मग राग कसला? सांगते. पर्पेच्युआला कामावर परत घेतलं आणि तिचा मेमो दोन ओळींच्या पत्राने मागे घेतला. त्या दोन ओळींत ‘क्षमस्व’ हा शब्द नव्हता. नंदकिशोरने मुख्य कार्यालयाला मेल पाठवलं की आमच्या टीमने यंत्रणेचा वेग वाढवला आहे. त्यात सपनाचं नाव नव्हतं. सपना तरीही आली, सुट्टी काढून, दोन दिवस कंट्रोल रूममध्ये बसली. आता एखाद्या रविवारी मी चालले नाही, तर सोमवारी सकाळी बाराही टेबलांवरच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत तसं दिसतं. “साहेबाला कळो न कळो,” ती म्हणाली, “फोन उचलणाऱ्याला कळलं पाहिजे.” भिंतीवरचा फळा मनालीने काढला. कोणाला विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्याभराने दुपारी एक फोन आला. पर्पेच्युआच्या स्क्रीनवर नंबराबरोबर नाव उमटलं.

“सुंदराबाई! काय झालं? धोंडिरामना परत त्रास होतोय का?”

“नाय ओ, ते बरे आहेत. तुम्ही त्याच ना, त्या दिवशीच्या? मला एक विचारायचं होतं. तुमच्या ऑफिसचं पत्र आलंय. सुनेने वाचून दाखवलं. पत्ता मी अपुरा सांगितला म्हणतात. मी रोज आठवून बघते, काय राहिलं सांगायचं. घरात कोणी काय बोलत नाय, पण मी ह्यांच्या समोर जेवायला बसत नाय आता. ह्यांची ही अवस्था माझ्यामुळे झाली ना...”

कंट्रोल रूमच्या नियमात लिहिलं आहे की कंपनीची चूक फोनवर मान्य करायची नाही. पर्पेच्युआला तो नियम पाठ आहे.

“सुंदराबाई, हा फोन रेकॉर्ड होतोय, तो होऊ दे,” ती म्हणाली. “तुमच्या पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग मी नंतर स्वतः ऐकलंय. तुम्ही मागचं गेट सांगितलं होतं. नदीची बाजू सांगितली होती. पत्र्यांचंसुद्धा सांगितलं होतं. तुमचं काहीच राहिलं नव्हतं. चूक आमची होती. पत्रात लिहिलंय ते खोटं आहे.”

पर्पेच्युआने फोन ठेवायची घाई केली नाही.

“बरं,” शेवटी सुंदराबाई म्हणाल्या. “बरं बाई. ह्यांचं ताट वाढलंय. माझंही घेते मग.”

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणाचे तरी साहेब व्हाल. काम रखडलं की समोर बसलेल्या माणसाच्या बोटांकडे पाहू नका. त्याच्या मागे काय बंद पडलंय ते आधी विचारा. एकाने तीच तक्रार एकतीस वेळा केली, तर ती किरकिर नसते, ती खबर असते. आणि काही दोन दिवसांसाठी थांबवलंत, तर तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने सुरू करा. आमच्यासारख्यांना आरडाओरडा करता येत नाही. आम्ही बंद पडलो की ओरडा दुसऱ्याच कोणावर तरी होतो.

मी पुन्हा दर रविवारी दोनला चालते. पण सुंदराबाईंना गेलेलं ते पत्र कंपनीने अजून मागे घेतलेलं नाही. पर्पेच्युआ दर सोमवारी त्यासाठी अर्ज देते. ते मागे घेतलं जाईपर्यंत माझा राग उतरणार नाही, आणि तुमचाही उतरू नये.